वाचकांचे प्रश्न : हिशेबाची वही एक्सेलमध्ये नेताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे वाशिम, यवतमाळ, बुलढाणा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गावांमधून आली आहेत. लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी एमएस-सीआयटी हा संगणकाचा पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. बेरीज करणे, चौकटी आखणे, प्रिंट काढणे त्यांना येते. आता मात्र गावातील एखाद्या संस्थेचे खरेखुरे काम त्यांच्या हाती आले आहे आणि तेथे एवढे ज्ञान अपुरे पडते. त्यांच्या प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. उत्तरांत फॉर्म्युल्यांची नावे देवनागरीत लिहिली असली, तरी संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करावी लागतात. सेलमध्ये बरोबरचे चिन्ह देऊन नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाइप केली की खाली यादी उघडते आणि त्यातून हवे ते नाव निवडता येते.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांकडून सोयाबीन आणि तूर खरेदी करते. मी प्रत्येक गावाची वेगळी शीट केली आहे. प्रत्येक दिवसाच्या नोंदींवर तारखेचे मोठे शीर्षक असते, त्यासाठी सेल मर्ज केलेले असतात आणि दिवसाच्या शेवटी त्या दिवसाची एकूण असते. कागदावर हे छान दिसते. परंतु संचालक मंडळाला गावनिहाय, पीकनिहाय आणि महिनानिहाय बेरीज हवी असते, तेव्हा मला प्रत्येक शीट उघडून कॅल्क्युलेटर घेऊन बसावे लागते. यातून मार्ग कोणता? — हिशेबनीस, ता. कारंजा, जि. वाशिम

उत्तर : तुमच्या शीटमध्ये नोंद आणि अहवाल एकमेकांत मिसळले आहेत, अडचण तिथेच आहे. जुन्या पद्धतीचे दिवाणजी रोजकीर्द वेगळी लिहीत आणि खतावणी वेगळी करीत. एक्सेलमध्येही तीच शिस्त पाळायची आहे. फरक इतकाच, की कीर्द तुम्ही नीट लिहिलीत तर खतावणी संगणक करून देतो.

म्हणून सर्व गावांची आणि संपूर्ण हंगामाची खरेदी एकाच शीटवर घ्या आणि काट्यावर झालेल्या प्रत्येक मापाला एक ओळ द्या. त्या ओळीत तारीख, काटा पावती क्रमांक, सभासद क्रमांक, गाव, पीक, कट्टे, निव्वळ वजन क्विंटलमध्ये, ओलाव्याची टक्केवारी, दर आणि रक्कम असे कॉलम असावेत. तारीख प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावी लागते, याचा अनेकांना कंटाळा येतो. परंतु ज्या ओळीत तारीख नाही ती ओळ कोणत्याही महिन्याच्या बेरजेत येऊच शकत नाही. मधे रिकामी ओळ सोडू नका, मधे एकूण लिहू नका आणि नोंदीच्या भागात सेल मर्ज करू नका, कारण मर्ज केलेल्या सेलमुळे सॉर्ट अडते आणि फिल्टर अर्धवट चालतो. ओळी कमी पडतील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. आताच्या एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी असतात. तुमच्या कंपनीची अनेक वर्षांची खरेदी त्यात सहज मावेल.

शीर्षकाची ओळ आणि खालच्या नोंदी तयार झाल्या, की त्यांतील कोणत्याही सेलवर उभे राहून कंट्रोल आणि टी ही बटणे एकत्र दाबा. असे केल्याने साध्या चौकटींचे 'टेबल' होते आणि इंटरमीजिएट पातळीचे शिक्षण खऱ्या अर्थाने येथून सुरू होते, असे माझे मत आहे. टेबलाला इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, एक नाव द्या. यापुढे तुम्ही शेवटच्या ओळीखाली नवी नोंद टाइप केली की टेबल आपोआप वाढते, रकमेच्या कॉलममधील फॉर्म्युला नव्या ओळीत आपोआप उतरतो आणि टेबलाच्या नावाने लिहिलेल्या सर्व बेरजा नव्या नोंदीची दखल घेतात. साध्या पद्धतीत दुसऱ्या ओळीपासून दोनशेव्या ओळीपर्यंतची बेरीज लिहून ठेवली आणि पुढे नोंदी दोनशे एकाव्या ओळीत गेल्या, तर ती ओळ बेरजेत येत नाही आणि तसे कोणी सांगतही नाही. खरेदीच्या ऐन गर्दीत अशी चूक महिनाभर लपून राहू शकते.

दराबाबत एक काळजी घ्या. पुष्कळ जण दर एका सेलमध्ये ठेवतात आणि सर्व ओळींतील रक्कम त्या सेलला जोडतात. हमाली संपूर्ण हंगामात प्रति कट्टा एकच असेल, तर तिच्यासाठी ही पद्धत योग्य आहे. अशा वेळी सेलच्या पत्त्यात डॉलरचे चिन्ह द्यावे, म्हणजे फॉर्म्युला खाली ओढला तरी पत्ता सरकत नाही. हे चिन्ह एफ-फोर या बटणाने येते. बऱ्याच लॅपटॉपवर त्यासोबत एफ-एन हे बटणही दाबावे लागते. परंतु सोयाबीनचा बाजारभाव रोज बदलतो. तो एका सेलला जोडलात आणि उद्या नवा दर टाकलात, तर ज्यांचे पैसे कालच चुकते झाले त्यांच्या रकमाही बदलतील. म्हणून दर प्रत्येक ओळीत आकडा म्हणूनच लिहावा.

रक्कम काढताना राउंड, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयांत आणणारा फॉर्म्युला, वापरा. १२.३५ क्विंटल सोयाबीनला २०२४-२५ च्या हमीभावाने, म्हणजे ४,८९२ रुपयांनी गुणले तर ६०,४१६.२० येतात. सेलच्या फॉरमॅटमधून पैसे लपवले की डोळ्यांना ६०,४१६ दिसतात, मात्र आत वीस पैसे तसेच राहतात आणि शंभर पावत्यांच्या हाताने केलेल्या बेरजेत व संगणकाच्या बेरजेत काही रुपयांचा फरक पडतो. सभासदाला जेवढी रक्कम द्यायची तेवढीच सेलमध्ये असली पाहिजे.

आता बेरजांकडे वळू. वेगळ्या शीटवर पहिल्या कॉलममध्ये गावांची नावे आणि वरच्या ओळीत पिकांची नावे लिहा व मधल्या सेलमध्ये सम-इफ्स, म्हणजे अटींत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारा फॉर्म्युला, वापरा. यात सर्वांत आधी ज्याची बेरीज हवी तो कॉलम द्यायचा, म्हणजे वजन किंवा रक्कम. त्यानंतर अटींच्या जोड्या द्यायच्या: गावाचा कॉलम आणि त्या ओळीतील गाव, पिकाचा कॉलम आणि वरचे पीक. महिना हवा असेल तर तारखेच्या कॉलमवर दोन अटी लावाव्यात. एका सेलमध्ये १ नोव्हेंबर आणि दुसऱ्यात १ डिसेंबर अशी तारीख लिहावी. पहिली अट 'त्या तारखेइतकी किंवा नंतरची' आणि दुसरी 'त्या तारखेच्या आधीची' अशी असावी. मोठे-लहानचे चिन्ह दुहेरी अवतरणांत लिहून पुढे अँडचे चिन्ह देऊन सेलचा पत्ता जोडतात. ही खूण एकदा हाताखालून गेली की पुन्हा विसरत नाही.

तारखांची तुलना करता येते, कारण एक्सेल तारखेला एक क्रमांक म्हणून साठवते. १ जानेवारी १९०० हा त्यात पहिला दिवस आहे. म्हणूनच तारीख ही खरी तारीख असणे अत्यावश्यक आहे. येथे आपल्याकडील संगणकांवर एक फसवी चूक वारंवार आढळते. विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल, तर ५/११/२०२४ असे टाइप केल्यावर संगणक ते ११ मे समजतो आणि २५/११/२०२४ असे लिहिले तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ते तसेच मजकूर म्हणून ठेवतो. परिणामी, महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतील जवळजवळ सर्व नोंदी भलत्याच महिन्यांत जातात आणि उरलेल्या नोंदी कोणत्याच बेरजेत येत नाहीत. कॉलमवर कोणतेही अलाइनमेंट दिले नसेल, तर खरी तारीख सेलच्या उजव्या बाजूला आणि मजकूर डाव्या बाजूला दिसतो. पहिली तपासणी त्यावरूनच करावी. विंडोजमध्ये रीजन 'इंग्लिश, इंडिया' असे केले की तारखा दिवस-महिना-वर्ष अशा घेतल्या जातात आणि आकड्यांत लाख-कोटींचे स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडतात. मजकूर झालेल्या जुन्या तारखा 'टेक्स्ट टू कॉलम्स' मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडून दुरुस्त होतात. उलट झालेल्या तारखा मात्र काटा पावतीशी ताडून हातानेच सुधारणे सुरक्षित आहे.

पिव्हट टेबल हे याच कामाचे अधिक वेगवान साधन आहे. टेबलवर उभे राहून इन्सर्टमधून ते घ्या. गाव डाव्या बाजूला, पीक वर आणि रक्कम मधे ओढा. मंडळाने ऐनवेळी सभासदनिहाय बेरीज मागितली, तरी नवा फॉर्म्युला लिहावा लागत नाही. फक्त नव्या नोंदी टाकल्यावर रिफ्रेश करावे लागते. बैठकीपूर्वी ते केले नाही, तर जुनेच आकडे छापले जातात. ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक असलेल्या नोंदी कंडिशनल फॉरमॅटिंगने रंगवून ठेवल्यास त्या हमीभाव केंद्रावर चालणार नाहीत, हे काट्यावरच लक्षात येईल.

प्रश्न : मी गावातील महिला बचत गटांच्या नोंदी ठेवते. आमच्या सभासदांची यादी आणि बँकेकडून आलेली खाते क्रमांकांची यादी मला एकत्र करायची आहे. व्ही-लूकअप लावले, तर नाव दोन्ही याद्यांत डोळ्यांनी दिसत असूनही अनेक ठिकाणी चूक येते आणि दोन-तीन ठिकाणी तर दुसऱ्याच ताईंचा खाते क्रमांक आला. असे का होते? — समुदाय संसाधन व्यक्ती, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दुसऱ्याचा खाते क्रमांक येणे ही यातील अधिक गंभीर बाब आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. व्ही-लूकअपला चार गोष्टी सांगाव्या लागतात: काय शोधायचे, कोठे शोधायचे, सापडलेल्या ओळीतील कितव्या कॉलममधील माहिती आणायची आणि तंतोतंत जुळणी हवी की जवळपासची चालेल. चौथी गोष्ट लिहिली नाही, तर एक्सेल 'जवळपासची चालेल' असे गृहीत धरते आणि यादी क्रमाने लावलेली नसेल, तर कोणतीही ओळ उचलून आणू शकते. त्यामुळे शेवटी शून्य किंवा फॉल्स लिहिणे कधीही टाळू नका. एक्सेल २०२१, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल शीट्स वापरत असाल, तर एक्स-लूकअप घ्यावे. त्यात तंतोतंत जुळणी हीच मूळ पद्धत आहे आणि शोधायचा कॉलम डावीकडेच असला पाहिजे, ही सक्तीही नाही.

दिसायला सारखी असलेली नावे जुळत नाहीत, याची कारणे अनेक आहेत. नावाच्या शेवटी किंवा मधे जास्तीची जागा सुटलेली असते. ती ट्रिम या फॉर्म्युल्याने निघते. एक यादी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर व मोबाइलवर चालणाऱ्या आजच्या मराठीत, आणि दुसरी कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर पडद्यावर दोन्हीकडे मराठी दिसते, परंतु जुन्या फाँटच्या यादीत आत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. फाँट बदलून एरियल केला की ते लगेच उघड होते. अशी यादी आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागते.

तिसरे कारण आपल्या भागात विशेष त्रास देते आणि त्याची कोणी फारशी वाच्यता करीत नाही. वऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतील ऱ्ह युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. मोबाइलवरील कीबोर्डने लिहिलेले नाव आणि कार्यालयातील संगणकावर लिहिलेले नाव म्हणूनच वेगळे पडू शकते. खात्री करायची असेल, तर दोन्ही सेलवर लेन हा फॉर्म्युला लावून पाहा. वऱ्हाडे या आडनावाची लांबी पहिल्या प्रकारात ७ येते आणि दुसऱ्या प्रकारात ८. आकडे वेगळे आले, की ही नावे संगणकासाठी एक नाहीत हे निश्चित झाले. त्यांपैकी एक रूप ठरवून फाइंड अँड रिप्लेसने दुसरे सर्वत्र बदलून घ्यावे.

हे सगळे केले तरीही नावावरून जुळणी करणे ही मुळात धोक्याची पद्धत आहे. एकाच गावात एकाच नावाच्या, कधी पतीचे नावही तेच असलेल्या दोन स्त्रिया असतात. एकीचे नाव बँकेत माहेरच्या आडनावाने असते, एकीचे इंग्रजी स्पेलिंग पासबुकावर वेगळे असते. म्हणून प्रत्येक सभासदाला एक क्रमांक द्या, तो क्रमांक आयुष्यभर बदलू नका, गट सोडून गेलेल्या सभासदाचा क्रमांक दुसऱ्या कोणाला देऊ नका आणि सर्व शीट्स त्या क्रमांकानेच जोडा. एकदाच बसून बँकेच्या यादीपुढे हाताने हे क्रमांक लिहावे लागतील. पासबुके समोर ठेवून तेवढे काम करा, पुढच्या प्रत्येक महिन्यात ते उपयोगी पडेल. क्रमांक दोनदा पडला नाही ना, हे काउंट-इफने तपासा: ज्या ओळीत उत्तर एकापेक्षा अधिक येईल, तेथे पुनरावृत्ती आहे.

खाते क्रमांक आणि आधार क्रमांक हे बेरजेचे आकडे नाहीत, म्हणून ते लिहिण्यापूर्वीच त्या कॉलमचे फॉरमॅट टेक्स्ट करून ठेवा. तसे न केल्यास सुरुवातीची शून्ये गळून पडतात. १२ अंकी आधार क्रमांक ई आणि अधिक चिन्हासह आखडून दिसतो. त्याचे अंक आत शाबूत असतात. पण काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात आणि एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपते, सोळावा शून्य करून टाकते. नंतर फॉरमॅट टेक्स्ट केले तरी गेलेला अंक परत येत नाही.

फॉर्म्युल्यात चूक आली तर तिच्याऐवजी शून्य किंवा रिकामी जागा दाखवण्यासाठी इफ-एरर हा फॉर्म्युला अनेक ठिकाणी शिकवतात. पैशाच्या कामात मी तो तसा वापरू देत नाही. न जुळलेल्या नावापुढे शून्य दिसले, की त्या ताईंचा हप्ता शून्य होता की त्यांचे नावच सापडले नाही, हे कोणाला कळणार? इफ-एरर लावायचाच असेल, तर 'यादीत नाही' असे स्पष्ट शब्द यावेत. आणि कृपया आधार व खाते क्रमांकांची ही फाईल व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवू नका. त्या क्रमांकांवर बायकांच्या कष्टाचे पैसे अवलंबून आहेत.

प्रश्न : पाणलोटाच्या कामासाठी आम्ही शेतकऱ्यांच्या क्षेत्राची यादी केली. कोणाचे २.२० एकर, कोणाचे १.३० एकर. एक्सेलने बेरीज ३.५० दिली, पण तलाठी कार्यालयातील जाणकारांनी ती चूक ठरवली. एक्सेलची बेरीज चूक कशी असेल? — ग्राम समिती सदस्य, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : बेरीज बरोबर आहे, तिला दिलेले आकडे वेगळ्या अर्थाचे आहेत. २.२० असे लिहिताना तुमच्या मनात २ एकर २० गुंठे होते, परंतु संगणकाने त्याचा अर्थ दोन पूर्णांक दोन दशांश एकर असा घेतला. एका एकरात ४० गुंठे असतात, त्यामुळे २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर आणि १ एकर ३० गुंठे म्हणजे पावणेदोन एकर. दोन्ही मिळून सव्वाचार एकर, म्हणजेच ४ एकर १० गुंठे होतात. दोन शेतकऱ्यांच्या यादीत पाऊण एकराची तूट आली, तर गावभरच्या यादीत ती किती वाढेल याची कल्पना करा.

उपाय सोपा आहे. एकर आणि गुंठे यांचे दोन स्वतंत्र कॉलम करा व तिसऱ्या कॉलममध्ये एकराला ४० ने गुणून त्यात गुंठे मिळवा. एकूण गुंठ्यांची बेरीज घ्या. वरील उदाहरणात ती १७० येते. तिचे पुन्हा एकर-गुंठे करण्यासाठी क्वोशंटने ४० चा भागाकार घ्या, तो ४ येतो, आणि मॉडने बाकी घ्या, ती १० येते. गुंठ्यांच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावून शून्य ते ३९ एवढेच आकडे स्वीकारले जातील असे करा, म्हणजे कोणी चुकून ४५ गुंठे लिहिले तर संगणक तेथेच थांबवेल. सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते आणि एका हेक्टरात १०० आर असल्यामुळे १.२० हेक्टर ही नोंद दशांश म्हणून थेट बेरजेत चालते. मला विचाराल तर यादी सातबाऱ्याप्रमाणे हेक्टर-आरमध्येच ठेवावी आणि लोकांना सांगण्यासाठी शेजारच्या कॉलममध्ये २.४७१ ने गुणून एकर दाखवावेत.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या कर मागणीची फाईल माझ्याकडे आहे. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी बघितलेली' अशा तिच्या अनेक प्रती झाल्या आहेत आणि कोणती खरी हे मलाच कळत नाही. शिवाय वीज गेली की काम जाते. — संगणक परिचालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : फाईलच्या नावात 'फायनल' हा शब्दच ठेवू नये. आर्थिक वर्षाचे एक फोल्डर करा, त्यात चालू फाईल एकच ठेवा आणि तिचे नाव कायम तेच राहू द्या. नमुना ९ च्या, म्हणजे कर मागणीच्या, फाईलमध्ये काही मोठा बदल करण्यापूर्वी तिची प्रत 'जुन्या प्रती' या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिच्या नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना आणि दिवस या क्रमाने तारीख लिहा, जसे २०२५-०४-०७. वर्ष आधी आणि एक अंकी महिन्यापूर्वी शून्य लिहिले, की सर्व प्रती फोल्डरमध्ये आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर वेगवेगळ्या महिन्यांच्या सात तारखा एका ठिकाणी गोळा होतात. ग्रामसेवकांना किंवा सरपंचांना पाहण्यासाठी पाठवायची असेल, तर पीडीएफ करून पाठवा. एक्सेलची फाईल व्हॉट्सॲपवरून गेली, की समोरच्याने तिच्यात केलेला बदल त्याच्या फोनमधील प्रतीत राहतो आणि दुसरी 'खरी' फाईल जन्माला येते.

वर्ष बदलताना जुन्या वर्षाची बाकी नव्या वर्षात नेण्यासाठी काही जण नव्या फाईलमधील फॉर्म्युला जुन्या फाईलला जोडतात. पुढे फोल्डरचे नाव बदलले किंवा पेन ड्राइव्ह काढला की ती जोडणी तुटते. मालमत्ता क्रमांकानुसार लूकअप करून बाकी आणा, मग ती कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज'ने आकडे पक्के करा आणि घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर व आरोग्य कर या प्रत्येकाची जुन्या फाईलमधील अखेरची बाकी आणि नव्या फाईलमधील मागील बाकी यांची एकूण जुळते की नाही, हे पाहूनच पुढे जा.

विजेच्या प्रश्नावर कंट्रोल-एस दाबून वरचेवर फाईल सेव्ह करण्याच्या सवयीइतका खात्रीचा इलाज दुसरा नाही. एक्सेलची ऑटो-रिकव्हरी मूळ सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी प्रत घेते. ऑप्शन्समधील सेव्ह या भागात जाऊन ती २ मिनिटांवर आणावी. दर आठवड्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो पंचायतीच्या इमारतीबाहेर ठेवावा आणि इंटरनेट मिळेल तेव्हा एक प्रत गूगल ड्राइव्हवर टाकावी.

प्रश्न : माझ्याकडे विकत घेतलेले एक्सेल नाही. लिबरऑफिसवर शिकले तर चालेल का? मोबाइलवर शिकता येईल का? — गृहिणी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : नक्की चालेल. लिबरऑफिसचे कॅल्क विनामूल्य आहे, सम-इफ्स, व्ही-लूकअप, पिव्हट टेबल हे सर्व त्यात आहे आणि २४.८ या आवृत्तीपासून एक्स-लूकअपही आले आहे. फाईल दुसऱ्याला द्यायची असेल तर एक्सेलच्या प्रकारात सेव्ह करावी. मोबाइल नोंदी भरण्यासाठी ठीक आहे. शिकण्यासाठी मात्र शेजारी किंवा वाचनालयात मिळेल तसा संगणकच वापरावा, कारण छोट्या पडद्यावर दोन कॉलम एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एमएस-सीआयटी झाले आहे. यापुढे काय आणि कोणत्या क्रमाने शिकावे? जवळपास क्लास नाही. — विद्यार्थिनी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने कॅल्कचे धडे मराठी आवाजातही तयार केले आहेत; ते विनामूल्य आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय पाहता येतात. धडा थांबवायचा, तीच कृती आपल्या संगणकावर करायची आणि मग पुढे जायचे, अशी त्यांची रचना आहे. एक्सेलमध्येही हेच ज्ञान लागू पडते.

क्रमाबाबत बोलायचे तर पुष्कळ मुले फॉर्म्युल्यांची लांबलचक यादी पाठ करतात. त्याने फारसे साधत नाही. आधी टेबल, सॉर्ट, फिल्टर आणि डेटा व्हॅलिडेशन शिका, म्हणजे नोंद स्वच्छ कशी राहते ते समजेल. नंतर डॉलरचे चिन्ह, इफ, सम-इफ्स आणि काउंट-इफ्स. त्यापुढे लूकअप आणि सर्वांत शेवटी पिव्हट टेबल. प्रत्येक टप्प्यावर सरावाला पुस्तकातील काल्पनिक विक्री घेऊ नका. घरच्या शेतीचा खर्च घ्या: बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, प्रत्येक मजुरीची तारीख आणि रक्कम, एकेका ओळीत. वडिलांना विचारून ती यादी भरा आणि मग कपाशीच्या एका एकराला वेचणीपर्यंत एकूण किती खर्च आला, त्यातील मजुरी किती टक्के होती, हे पिव्हट टेबलमधून काढा. खर्चाची काही नावे दोन प्रकारे लिहिली गेली असतील, काही तारखा मजकूर झाल्या असतील. त्या सुधारताना जे शिकाल ते कोणत्याही क्लासमध्ये सापडणार नाही.

तालुक्याच्या ठिकाणी जिनिंग, पतसंस्था किंवा शेतकरी कंपनीत मुलाखतीला जाल, तेव्हा ही फाईल सोबत न्या. तेथे बहुधा दोन याद्या जोडून दाखवा किंवा महिनानिहाय बेरीज काढून दाखवा, एवढेच विचारले जाते. फाईल दाखवण्यापूर्वी मजुरांची नावे आणि फोन नंबर तिच्यातून काढून टाका आणि त्यांच्या जागी क्रमांक ठेवा.